तुर्की येत नसताना तारकानचं 'शिमारिक' कसं शिकायचं: पहिल्यांदा गाणाऱ्यांसाठी

मंडळी, हे गाणं तुम्ही नक्की ऐकलंय. नाव माहीत नसेल, गायक माहीत नसेल, पण कडव्यानंतर एक लांब शब्द येतो आणि मग दोनदा मुका घेतल्याचा आवाज, ते गाणं. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला ते वाजायचं आणि सगळेजण त्याला 'ते अरबी किस किस वालं' म्हणायचे. ते अरबी नाही, तुर्की आहे, हे मला जर्मनीत राहायला आल्यावर कळलं कारण आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक तुर्की कुटुंब राहतं आणि त्यांच्या घरात ते लागलं की आजीपासून नातवापर्यंत सगळे शब्दन् शब्द म्हणतात. त्यांच्या मुलीच्या लग्नाआधी 'किना गेजेसी' होती, म्हणजे बायकांची मेंदीची रात्र, आणि तिथे हे गाणं म्हणशील का असं मला विचारलं. हातात दोन महिने होते आणि तुर्कीचा एक शब्दही येत नव्हता. त्या दोन महिन्यांत मी काय केलं, कुठे अडकले, काय आधी कळलं असतं तर बरं झालं असतं ते सगळं इथे लिहून ठेवतेय. लग्नात, ऑफिसच्या पार्टीत किंवा नुसतं स्वतःसाठी शिकायचं असेल तरी हेच उपयोगी पडेल.

१. आधी नक्की कुठलं गाणं शिकायचंय ते ठरवा

हा पहिला सापळा, आणि मी यात सरळ जाऊन पडले. मूळ गाणं 'शिमारिक', गायक तारकान, अल्बम 'ओल्युरुम साना', साल १९९७. शब्द सेझेन अक्सू यांचे, त्या तुर्कस्तानातल्या फार मोठ्या गायिका-गीतकार आहेत आणि लोक त्यांना प्रेमाने 'चिमुकली चिमणी' म्हणतात. संगीत संयोजन ओझान चोलाकोलू यांचं. तारकानचा जन्म १९७२ चा, जर्मनीतल्या आल्त्साय गावातला, आणि १९८६ मध्ये त्याचं कुटुंब परत तुर्कस्तानात गेलं. युरोपात हे गाणं एकदोन वर्षांनी सिंगल म्हणून निघालं आणि फ्रान्स-बेल्जियममध्ये चार्टवर अगदी वर गेलं, सगळं तुर्कीत असूनही. १९९९ मध्ये त्याला वर्ल्ड म्युझिक अवॉर्ड मिळालं.

मग याच चालीवर इंग्रजी शब्द आले. २००१ मध्ये अमेरिकेत स्टेला सोलेलने 'किस किस' म्हटलं, आणि २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हॉली व्हॅलन्सचं 'किस किस' ब्रिटनमध्ये थेट एक नंबरला गेलं. आता गंमत अशी की (आणि इथेच वेळ जातो) तुम्ही कराओके ट्रॅक शोधायला गेलात की बरेचदा इंग्रजीवालाच हाती लागतो. मी एका ॲपवर पैसे भरून ट्रॅक घेतला, चार दिवस त्यावर तुर्की शब्द बसवत बसले आणि काही केल्या बसेनात, कारण संयोजन वेगळं, पट्टी वेगळी. म्हणून ट्रॅक घेण्याआधी पूर्ण ऐका, आणि वर तारकानचं नाव आहे का ते बघा.

२. काय काय जमवायचं

फार काही लागत नाही:

- मूळ गाण्याची चांगली रेकॉर्डिंग आणि बरे हेडफोन (मोबाइलच्या स्पीकरवर व्यंजनं ऐकूच येत नाहीत)
- तुर्की लिपीतले शब्द, प्रिंट काढून, दोन ओळींत भरपूर जागा सोडून
- वही आणि दोन रंगांची पेनं
- मोबाइलमध्ये तुर्की कीबोर्ड, सेटिंगमध्ये जाऊन भाषा ॲड करायची, एक मिनिटाचं काम
- गाणं हळू करून ऐकायची सोय, व्हिडिओ ॲपमध्ये स्पीड ०.७५ करता येतो तेवढं पुरे
- मोबाइलचा व्हॉइस रेकॉर्डर
- आणि जमलं तर एक तुर्की माणूस, आठवड्यातून दहा मिनिटं

शब्द कुठून घेताय ते बघा. बऱ्याच ठिकाणी तुर्कीची खास अक्षरं काढून साधी इंग्रजी अक्षरं टाकलेली असतात. तसली प्रत घेऊ नका, कारण शेपटीवाला एस आणि साधा एस हे तुर्कीत दोन वेगळे उच्चार आहेत आणि तुम्ही 'श' च्या जागी 'स' पाठ करून बसाल. देवनागरीत लिहिलेले शब्दही मिळाले तर आधी बाजूला ठेवा. तुमची देवनागरी तुम्हीच लिहायची, कानाने ऐकून.

३. अक्षरं: इथे घाई करू नका

तुर्कस्तानने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून लॅटिन अक्षरं घेतली, एकूण २९. आपल्यासाठी चांगली बातमी ही की लिहिलंय तसंच बोलतात, इंग्रजीसारखं नाही. एकदा अक्षरं कळली की कुठलाही तुर्की शब्द वाचता येतो.

सगळ्यात पहिलं म्हणजे इंग्रजी डोक्यातून काढा. 'टी' दिसला की आपण ट म्हणतो, 'डी' दिसला की ड. तुर्कीत तो त आणि द च्या जवळ आहे. 'ए' हे अक्षर कायम आ, फक्त आखूड. अ नाही, ॲ नाही. हे एवढं सुधारलं तरी निम्मं काम झालं.

शेपटीवाला एस म्हणजे श. शेपटीवाला सी म्हणजे च, पण 'चार' मधला च, 'चाक' मधला नाही. साधा सी म्हणजे ज, तोही 'जीव' मधला, 'जागा' मधला नाही. हे मराठी माणसालाच समजावून सांगावं लागतं कारण आपल्याकडे दोन्ही च आणि दोन्ही ज आहेत आणि आपण नकळत एकातून दुसऱ्यात जातो. गाण्यात 'चात्लातियोर' असा एक शब्द आहे, तडकवतोय अशा अर्थाचा, मी तो दोन आठवडे चाकातल्या च ने म्हणत होते आणि खालच्या आबलाने (आबला म्हणजे तुर्कीत ताई, मी त्यांना तेच म्हणते) हात धरून थांबवलं, म्हणाल्या परत म्हण, आणि मग त्यांनी वीसवेळा म्हणवून घेतला.

'झेड' म्हणजे झेब्रातला झ, मोकळा, त्यात द चा स्पर्श नको.

आता जी अक्षरं आपल्याकडे नाहीत ती. टिंब नसलेला आय, हा या गाण्याचा जीव आहे, कारण शीर्षकातच तो दोनदा येतो. आपण 'शिमारिक' लिहितो खरं पण तो इ नाही. असं करा: 'ई' म्हणा, ओठ ताणलेले तसेच ठेवा, आणि जीभ फक्त मागे ओढा. घशाजवळून एक दबका आवाज येतो, अ आणि उ च्या मधला वाटणारा. तो. मी वहीत तो लाल पेनाने लिहायचे म्हणजे डोळ्याला दिसलं की जीभ आपोआप मागे जायची. दोन टिंबांचा यू: 'ई' म्हणत ओठांचा चंबू करा. दोन टिंबांचा ओ: आपला मराठी 'ए' म्हणत ओठांचा चंबू. आणि डोक्यावर वाटी असलेला जी, त्याला स्वतःचा आवाजच नाही, तो आधीचा स्वर लांबवतो. तिथे ग म्हटलात की लगेच कळतं की पाठ केलंय, समजलेलं नाही. वर संयोजकांचं नाव लिहिलंय त्यातही तो आहे, म्हणून चोलाकोलू, चोलाकोग्लू नाही.

सरावाला एकच शब्द देते: 'किपकिरमिझि'. चारही ठिकाणी टिंब नसलेला आय. तो सलग पाच वेळा नीट म्हणता आला की गाण्यातला कुठलाही शब्द जमतो. अर्थ आहे लालचुटुक, ओठांबद्दल. 'किरमिझि' म्हणजे लाल, आपला किरमिजी रंग तोच शब्द. आणि पुढे 'किप' लावून त्याचा भडकपणा वाढवलाय, आपण लालभडक, काळाकुट्ट म्हणतो ना तसंच, फक्त आपण शेपूट मागे लावतो, ते पुढे लावतात.

४. अर्थ समजून घ्या, आणि शब्दाला शब्द ठेवून नाही

मोबाइलवरच्या भाषांतराने मला जे दिलं त्यात सुपारी फोडायचा अडकित्ता, साप, चूल आणि झुपका असं काहीतरी होतं आणि कशाचा कशाला पत्ता लागेना. कारण गाणं वाक्प्रचारांनी भरलंय.

'शिमारिक' म्हणजे शेफारलेली, लाडावलेली. गाणारा पुरुष एका मुलीकडे बघतोय. ती दुसऱ्याच कुणाचा हात धरून चाललीय, तोंडात च्युइंगम फुगवून फोडतेय, डोळ्यांत सुरमा घातलाय, ओठ लालचुटुक, आणि ह्याच्याकडे बघून मुद्दाम हसतेय. ह्याचा जीव जळतोय आणि त्याच वेळी तो तिच्यावर भाळलाय. मग तो मित्रांना हाका मारून गाऱ्हाणं करतो की आपण आपल्या बापाकडून हे असं शिकलो होतो का, जुन्या गावात नवी रीत आली. ही जुन्या गावातली नवी रीत म्हणजे तुर्कीतली रुळलेली म्हण आहे, कुणी काही वेगळं करायला लागलं की म्हणतात.

'फिंदिक्किरान' हा तो अडकित्ता. 'फिंदिक' म्हणजे हेझलनट, जे जगात सगळ्यात जास्त तुर्कस्तानात पिकतं, काळ्या समुद्राच्या काठी गिरेसून, ओर्दू भागात. 'किरान' म्हणजे फोडणारा. पण बोलीत हा शब्द नखरेल बाईला वापरतात. सापाचं म्हणाल तर गोड बोलणं सापालाही बिळातून बाहेर काढतं अशी म्हण आहे, तिचाच तुकडा इथे घेतलाय, म्हणजे ही अशी की सापही बाहेर येईल. आणि झुपक्याची भानगड अशी की 'गोंडेवाली बला' म्हणजे मोठी थोरली बला. हा 'बेला' म्हणजे आपली बलाच.

चुलीचं सांगायलाच हवं. 'ओजाक' म्हणजे चूल. 'तुझ्या चुलीशी येऊन पडलो' याचा अर्थ तुझ्या पदरात पडलो, आता तूच सांभाळ, दयेची याचना. आपण पदरात म्हणतो, ते चुलीपाशी म्हणतात. हे कळलं तेव्हा मला ती ओळ म्हणताना आवाज आपोआप खाली आणावासा वाटला, आधी मी ती उगाच जोरात म्हणत होते.

हे सगळं एका बाईने लिहिलंय हे लक्षात ठेवा. त्या पुरुषाचं 'बापाने हे शिकवलं नव्हतं' हे रडगाणं सेझेन अक्सूंनी त्याच्या तोंडी घातलंय, आणि माझ्या मते गाण्यात जिंकते ती मुलगीच, कारण तो शेवटपर्यंत 'पकडलं तर' एवढंच म्हणत राहतो. मेंदीच्या रात्री बायका हे गाणं इतक्या आनंदाने का म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

५. लांब शब्द तोडा, मराठीच्या मदतीने

इथे आपल्याला खरंच मोठा फायदा आहे. तुर्कीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, आपल्यासारखंच. प्रत्यय शब्दाच्या मागे, आपल्यासारखेच. म्हणून घाबरायचं नाही, तोडायचं.

मुका येतो त्याच्या आधीचा तो शब्द: 'याकालारसाम'. 'याकाला' म्हणजे पकड, 'र' काळाचा, 'सा' म्हणजे तर, 'म' म्हणजे मी. पकडलं तर मी. पूर्ण वाक्यच आहे ते एका शब्दात. बोलताना जोर 'लार' वर येतो. जोर पहिल्या अक्षरावर दिलात की ताल सुटतो आणि मुका उशिरा पडतो.

'ताकमिश', 'गेल्मिश' अशी 'मिश' वर संपणारी क्रियापदं येतात, त्यात 'दिसतंय', 'म्हणे' असा भाव आहे: हात धरलेला दिसतोय, नवी रीत आलीय म्हणे. 'चात्लातियोर' आणि 'पात्लातियोर' मध्ये मधला 'त' म्हणजे करायला लावणं, आपल्या फुटणं-फोडणं सारखं. फुगा फुटतो वेगळं आणि ती तो फोडते वेगळं.

मग तीन सारखे शब्द ओळीने येतात, चूल, कुशी आणि ऊब: ओजाक, कुजाक, सिजाक. प्रत्यय लागला की शेवटचा क जातो आणि तिथे तो आवाज नसलेला वाटीवाला जी येतो, म्हणून म्हणताना 'ओजाऽइना, कुजाऽइना, सिजाऽइना' (शेवटचा इ टिंब नसलेला). हे मला कुणीतरी 'देऊळचं देवळात, पाऊसचं पावसात' असं सांगितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं! प्रत्ययाआधी शब्दाचं रूप बदलतं, आपलं सामान्यरूपच.

आणि ओळखीचे शब्द हिरव्या पेनाने रंगवा. दुनिया तिथे 'द्युन्या', सुरमा तिथे 'स्युरमे', दोस्त दोस्तच, 'आमान' म्हणजे अभय मागणं. अरबी-फारसीतून त्यांच्याकडे आणि आपल्याकडे बरंच काही एकाच वाटेने आलंय. मेंदीच्या रात्री नंतर जेवायला बसल्यावर मी एकेक शब्द काढत गेले, साबण साबुन, हिशेब हेसाप, बाजार पाझार, पनीर पेयनिर, आणि आजी प्रत्येक शब्दाला टाळी द्यायच्या.

६. तालात बसवणं

गाणं सरळ चार मात्रांचं आहे, त्यामुळे केरव्याची सवय असलेल्याला अवघड नाही. खाली दरबुका वाजतो, डमरूच्या अर्ध्यासारखा पेल्याच्या आकाराचा ढोल, त्याचे बोल 'द्युम' आणि 'तेक', द्युम मध्ये जाड घुमारा आणि तेक कडेवरचा. आधी शब्द बाजूला ठेवून दोन दिवस नुसतं गाण्याबरोबर मांडीवर द्युम-तेक धरा. मग शब्द म्हणा, पण सूर न लावता, बोलल्यासारखे, ०.७५ स्पीडला. मग पूर्ण स्पीडला. सूर सगळ्यात शेवटी. मी उलटं केलं होतं, आधी सूर पकडला, आणि मग सुराच्या नादात व्यंजनं गिळायची सवय लागली ती मोडायला वेळ गेला.

जोडाक्षरात थांबायचं, 'फिंदिक्किरान' मधला क्क आपल्या 'पक्का' सारखा पूर्ण धरायचा.

मुक्याबद्दल: माइकवर ओठ चिकटवून काढलात तर स्पीकरमधून फट् असा आवाज येतो. तोंड माइकच्या थोडं बाजूला घ्या. आणि लाजून अर्धवट काढू नका, नाहीतर त्या जागी भोक पडल्यासारखं वाटतं. जमत नसेल तर समोरच्यांना करायला सांगा, सगळे आनंदाने करतात, आमच्याकडे ऐंशीच्या पुढच्या आजींनी केला.

७. तुर्की कानाला ऐकवा

रेकॉर्ड करून पाठवा आणि 'छान आहे का' असं विचारू नका, कारण ते प्रेमाने छानच म्हणतील. 'कुठला शब्द कळला नाही' असं विचारा. माझे पहिल्या वेळी नऊ शब्द निघाले, दुसऱ्या वेळी तीन. वयाने मोठ्या बाईला ताई म्हणजे आबला, त्याहून मोठ्या असतील तर तेयझे म्हणजे मावशी, पुरुषाला आबी म्हणजे दादा असं म्हणा, नुसत्या नावाने नको.

८. गाऊन झाल्यावर टाकायचं असेल तर

व्हिडिओ ऑनलाइन टाकताना मूळ ट्रॅक मागे असेल तर हक्काचा दावा बहुतेक लगेच लागतो, व्हिडिओ कधी बंद होतो, कधी राहतो पण जाहिरातीचे पैसे हक्कवाल्याला जातात. घाबरू नका, पण लग्नाचा एकुलता एक व्हिडिओ तिथेच ठेवून मोबाइलमधून डिलीट करू नका. चालीवर मराठी शब्द लिहून टाकायचे असतील तर ते वेगळं प्रकरण, त्याला हक्कवाल्यांची परवानगी लागते. इंग्रजी 'किस किस' सुद्धा सेझेन अक्सूंकडच्या हक्कांतूनच झालं होतं. हॉलमधल्या जाहीर कार्यक्रमात लायसन्सचं काम सहसा आयोजकाचं असतं, त्यांना आधीच विचारून घ्या.

९. वेळ किती लागतो

रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर साधारण असं: पहिला आठवडा फक्त अक्षरं. दुसरा अर्थ आणि शब्द तोडणं. तिसरा-चौथा बोलून तालात. पाचव्यापासून सूर. शेवटचे दोन आठवडे न बघता. पाठ करताना शेवटून सुरू करा, म्हणजे आधी शेवटची ओळ, मग त्याच्या आधीची, कारण स्टेजवर माणूस पुढे पुढे जाताना घाबरतो आणि तेव्हा पक्की ओळ समोर आली की धीर येतो.

हे जमलं की पुढचं म्हणून तारकानचंच १९९४ चं 'शिकिदिम' घ्या, तेही सेझेन अक्सूंचं आणि शब्द बरेच सोपे. 'कुझु कुझु' २००१ चं, ते जरा संथ आहे, पण दोन टिंबांचा ओ पक्का लागतो. मी सध्या त्यावर आहे, दर रविवारी खाली आबलाकडे चहाला जाते तेव्हा वही बरोबर असते.